गोष्ट सांगायची नाही

१

कपाट उघडलं आणि धाकटीचा हात हवेतच राहिला.

वरच्या कप्प्यात कादंबरी नव्हती. दुपारी होती. निळ्या पुठ्ठ्यात, दोरीनं बांधलेली, टाइप केलेल्या कागदांची जाडजूड चळत. आता तिथे नुसती धुळीची चौकट होती आणि मागे मंडळी चुळबुळत बसली होती.

"काय झालं?" औषधवाल्या काकांनी विचारलं.

"नाहीये," धाकटी म्हणाली.

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे नाहीये, काका!"

हे वाचक मंडळ इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत भरतं. खालच्या वाफेनं जमीन कायम कोमट असते, खिडकीची एक झडप वाऱ्यानं आपटत असते आणि ती दुरुस्त करू असं गेली कित्येक वर्षं ठरतं आहे. धाकटी या खोलीची सगळी व्यवस्था बघते. पुस्तकं देणं, परत घेणं, चहा करणं आणि किल्ली सांभाळणं, सगळं तिच्याकडे. पगार जेमतेम, पण खोली म्हणजे तिचा जीव की प्राण.

मंडळाची एक गंमत आहे. दरवर्षी मंडळातलं कुणीतरी गुपचूप कादंबरी लिहितं आणि नाव न घालता कपाटात ठेवतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती खोलीतल्याच जुन्या यंत्रावर टाइप करायची. प्रत एकच. ती चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमानं एकेकाच्या घरी जाते. सगळ्यांची वाचून झाली की मतांची बैठक. लेखक त्यांच्यातच बसलेला असतो आणि स्वतःच्या पुस्तकाची निंदा तोंड मिटून ऐकतो. बैठकीचा नियम एकच, पण फार कडक. गोष्ट सांगायची नाही. आपल्याला काय वाटलं तेवढंच सांगायचं आणि दुसऱ्याचं मत खोडायचं नाही. कुणी कथानकातला एक धागा जरी बोललं तरी सगळे कान झाकून ओरडतात.

आज मतं झाली होती. आता नाव फुटायचं आणि उद्या संध्याकाळी प्रकाशक येऊन हस्तलिखित घेऊन जायचा. कादंबरी इतकी आवडली होती की मंडळानं त्याला आधीच कळवलं होतं.

"किल्ली कुणाकडे असते?" वकीलसाहेबांनी शांतपणे विचारलं.

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं.

"दुपारभर कपाटालाच लटकत होती," ती म्हणाली. "तुम्ही सगळे आपापली पुस्तकं परत ठेवत होतात. मी चहा करत होते."

"म्हणजे जबाबदारी तुझीच," वकीलसाहेब म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत सापडली नाही तर खोलीची व्यवस्था दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस, पण रीत ती रीत."

दाराशी एक बाई उभी होती. धाकटीची थोरली बहीण, तिला घरी न्यायला आलेली. मतं चालू होती तेव्हापासून ती तिथेच येरझाऱ्या घालत होती, कारण तिला एका जागी बसवत नाही.

"उद्या संध्याकाळपर्यंत ना?" ती म्हणाली. "बरं. मग मला सगळ्यांशी बोलायचंय."

२

तिला सगळे विमाताई म्हणतात. विमा कंपनीसाठी ती नुकसानीची तपासणी करते. कुणाचं गोदाम जळलं, कुणाचं दुकान बुडालं, की ही जाणार आणि राखेत काठी खुपसून विचारणार, इथे खरंच काय होतं? आयुष्यात तिनं एकही कादंबरी पुरी वाचलेली नाही. "खोट्या माणसांची खरी दुःखं वाचायला मला वेळ नाही," असं ती म्हणते आणि धाकटी दर वेळी चिडते.

त्या संध्याकाळी घरी धाकटी जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. विमाताई स्वयंपाकघरातून खोलीत, खोलीतून गॅलरीत अशा फेऱ्या मारत होती.

"नोकरीचं इतकं मनावर घेऊ नकोस ग. दुसरी बघू."

"नोकरी गेली खड्ड्यात," धाकटी उशीत तोंड खुपसून म्हणाली.

"मग?"

धाकटी उठून बसली. डोळे सुजले होते.

"ताई, ती कादंबरी माझी आहे."

विमाताई पहिल्यांदाच जागच्या जागी थांबली.

"तू लिहिलीस? केव्हा?"

"तू दौऱ्यावर असायचीस तेव्हा. वर्षानुवर्षं. आणि मंडळातलं कुणी घरी आलं तर दिसायला नको म्हणून कच्चे कागद मी बादलीत भिजवले. लगदा केला त्यांचा, ताई! माझ्या हातांनी. आता माझ्याजवळ एक ओळ नाही."

विमाताईनं तिला जवळ घेतलं. तिला काय बोलावं ते सुचेना, आणि सुचलं नाही की तिला राग येतो. तो कुणावर काढायचा, एवढंच आता शोधायचं होतं.

"कशाबद्दल आहे कादंबरी?"

धाकटीनं तोंडावर हात ठेवला.

"अग, माझ्यासमोर कसला नियम?"

"सवय आहे," धाकटी ओशाळून म्हणाली. "बरं, ऐक. एक मुलगी आहे, थोरल्या भावाकडे राहणारी. तिच्यावर एकाचा जीव आहे. रविवारी घरी येऊन रीतसर मागणी घालतो म्हणतो. आणि येत नाही. कधीच येत नाही. ती वाट बघत म्हातारी होते."

"थोरला भाऊ," विमाताई डोळे बारीक करून म्हणाली. "म्हणजे मी का?"

"सगळं तुझ्यावरच नसतं, ताई," धाकटी म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू फुटलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळपासून विमाताई बाहेर. चौघांनी कादंबरी वाचली होती आणि क्रम असा होता: आधी दातांच्या डॉक्टरीणबाई, मग वकीलसाहेब, मग त्यांची धाकटी बहीण मास्तरीणबाई, शेवटी औषधवाले काका. वकीलसाहेब आणि मास्तरीणबाई एकाच घरात राहतात. दोघांनीही लग्न केलेलं नाही. सकाळी ते कोर्टात जातात, त्या शाळेत.

विमाताईनं ठरवलं होतं की काल कोण कुठे उभं होतं असलं काही विचारायचं नाही. त्याची उत्तरं सगळ्यांची तयार असतात. तिनं एकच प्रश्न निवडला. पुस्तकातल्या कोणत्या माणसाशी तुम्हाला बोलावंसं वाटलं?

औषधवाले काका काउंटरमागे खोकल्याच्या बाटल्या लावत होते. त्यांना भुताखेतांच्या कादंबऱ्यांचं वेड.

"बोलावंसं? त्या थोरल्या भावाशी," ते म्हणाले. "देवमाणूस हो! बहिणीसाठी किती करतो. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. त्याला इथे स्टुलावर बसवून चहा पाजला असता मी."

"आणि पुस्तक कसं वाटलं?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सांगू? भुताची गोष्ट आहे ती. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तो येणारा माणूस मुळात जिवंतच नसणार. नाहीतर येणार येणार म्हणून माणूस असा हवेत विरतो का?"

"काका, तुम्ही कॅलेंडर वाचलंत तरी त्यात भूत सापडेल तुम्हाला."

"अमावस्या असतेच की त्यात," काका गंभीरपणे म्हणाले.

मास्तरीणबाई शाळेच्या मधल्या सुट्टीत भेटल्या. वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून त्या जिन्यात उभ्या राहिल्या. पोरं त्यांना वळसा घालून धावत होती.

"मला त्या न आलेल्या माणसाशी बोलायचं होतं," त्या म्हणाल्या. "विचारलं असतं, का नाही आलास? एवढंच. रागावलेही नसते."

"आणि तो भाऊ?"

"भला आहे बिचारा. आमच्या दादासारखाच." त्या थांबल्या. "खरं सांगू? मला ती कादंबरी वाटलीच नाही. कोडं वाटलं. न आलेल्या माणसाची कारणं रचत बसायचं म्हणजे... आयुष्य जातं हो त्यात." मग गडबडीनं म्हणाल्या, "म्हणजे पुस्तकात."

घंटा झाली. त्या वर गेल्या. विमाताईला उगाचच गलबललं आणि स्वतःचा राग आला.

डॉक्टरीणबाईंना खुनाच्या कोड्याशिवाय पुस्तक गोड लागत नाही. दवाखान्यात एक माणूस आ वासून खुर्चीत पडला होता आणि त्या त्याच्या तोंडात आरसा घालून बोलत होत्या.

"कुणाशी बोलावंसं वाटलं? त्या थोरल्या भावाशी!" त्या म्हणाल्या. "बोललेही नसते. या खुर्चीत बसवून भूल न देता दोन्ही दाढा उपटल्या असत्या. आणि मग वाईट वाटून मीच रडले असते. काल बैठकीत कुणाचं नाव न घेता मी तेच म्हणाले. एकाच माणसाचा इतका राग यावा आणि त्याचीच इतकी कीव यावी, असं मला कधी झालं नव्हतं. प्रेमकथा मला सोसत नाहीत, पण ही सोसली."

खुर्चीतला माणूस घाबरून उठायला लागला. "तुमच्याबद्दल नाही हो," डॉक्टरीणबाईंनी त्याला परत दाबलं.

राहिले वकीलसाहेब. ते ऐतिहासिक कादंबऱ्यांतले, लढाया आणि तह यांतले. कोर्टाच्या आवारात कट्ट्यावर कागद चाळत बसले होते.

"बोलण्यासारखं कोणी नाही त्यात," ते म्हणाले. "कोडं उभं केलं आहे आणि उकल दिलेली नाही. भाषा बरी आहे."

"आणि थोरला भाऊ?"

"त्याला लोक उगाच बोल लावतात," ते कागदांतून मान वर न करता म्हणाले. "त्याचाही काही नाइलाज असेल. घर कोण बघणार होतं? चला, माझा पुकारा झाला."

ते उठून गेले. विमाताई कट्ट्याभोवती फिरत राहिली. काहीतरी खुपत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. आणि संध्याकाळ जवळ येत होती.

४

दुपारी ती वाचनाच्या खोलीत आली. धाकटी टाइप करायच्या यंत्रावरची धूळ पुसत होती, मयताला आंघोळ घालावी तशी हळुवारपणे.

"एक सांग," विमाताई म्हणाली. "तुझ्या कादंबरीतला भाऊ देवमाणूस आहे की दाढा उपटण्याच्या लायकीचा?"

"व्यक्ती तितक्या प्रकृती, ताई," धाकटी थकून म्हणाली. "वाचक असेच असतात. एकाला भूत दिसतं, एकाला कोडं, एकाला प्रेम. जो तो आपल्याच आवडीचं पुस्तक वाचतो. म्हणून तर मंडळात मजा."

"मजा कसली डोंबलाची! मागे एका जळालेल्या गोदामाबद्दल एक साक्षीदार म्हणाला, आत साबण होता. दुसरा म्हणाला, लाकूड होतं. मी काय म्हणायचं? साबणवाल्याची प्रकृती वेगळी?"

"मग काय म्हणालीस?"

"विचारलं, तुम्ही कोणत्या गोदामात गेला होतात." विमाताई झपझप फिरू लागली. "आणि डॉक्टरीणबाईंना कोडी सगळ्यात जास्त आवडतात ना? मग कोडं त्यांनाच का दिसलं नाही? त्यांनाच नेमकी प्रेमकथा का दिसली, जी त्यांना सोसत नाही? धाकटे, तो माणूस का येत नाही? पुस्तकात कळतं की नाही?"

"कळतं तर! मधल्या प्रकरणात कळतं. तो येतो, ताई. ठरल्याप्रमाणे रविवारी येतो. ती बाजारात गेलेली असते. भाऊ दारातच त्याला सांगतो, तिचं लग्न ठरलंय. कारण ती गेली तर आजारी आईचं, घराचं कोण करणार? मग तो भाऊ एकटा चुलीपाशी बसून रडतो. ते प्रकरण लिहायला मला सगळ्यात..."

ती बोलता बोलता थांबली.

"औषधवाल्या काकांनी ते प्रकरण वाचलेलं नाही," विमाताई म्हणाली. "मास्तरीणबाईंनीही नाही. नाहीतर त्याला देवमाणूस कोण म्हणेल? प्रती दोन नव्हत्या. एकच होती, आणि फिरता फिरता कुणीतरी मधलं प्रकरण काढून घेतलं. पानांवर आकडे होते का?"

"नाही. प्रकरणं मी मागेपुढे टाइप केली होती, म्हणून घातलेच नाहीत. प्रकरण संपलं की नुसत्या फुल्या काढल्या."

"आणि दोरी सोडली की पानं हातात. कुणाला पत्ता लागणार नाही, कारण तुमच्या मंडळात गोष्ट सांगायची नाही! दोन वेगवेगळी पुस्तकं वाचून तुम्ही एका खोलीत बसलात आणि एकमेकांच्या प्रकृतीचं कौतुक करत राहिलात."

धाकटीनं डोक्याला हात लावला. हा घोटाळा फक्त वाचकांनाच जमला असता. साध्या माणसांनी पहिल्या पाच मिनिटांत भांडण काढलं असतं.

"पण मग अख्खी कादंबरी का नेली?"

"काल नाव फुटलं की नियम संपणार होता. मग सगळे मोकळेपणी बोलले असते आणि पानं उघडून बघितली असती. त्याआधी ती नाहीशी व्हायलाच हवी होती." विमाताईनं चपला शोधल्या. "प्रकरण पुरं असताना कादंबरी डॉक्टरीणबाईंकडे होती. वकीलसाहेब म्हणतात त्यांना उकल मिळालीच नाही. म्हणजे त्यांच्या हाती यायच्या आधीच..."

"डॉक्टरीणबाई?" धाकटीचा आवाज फुटला. "त्या मला लेकीसारखं वागवतात ग!"

५

डॉक्टरीणबाई दवाखान्याला कुलूप लावत होत्या. विमाताईनं आडवळण घेतलं नाही.

"मधलं प्रकरण तुम्ही काढलंत का?"

"कसलं काढलंत?" डॉक्टरीणबाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली. मग अर्थ ध्यानात आला आणि त्या लालबुंद झाल्या. "अहो, ते प्रकरण मी तीनदा वाचलंय! दारातलं बोलणं पाठ आहे माझं. 'उशीर केलात. तिचं ठरलं.' आणि तो माणूस जाताना पायरीवरची सांडलेली फुलं ओलांडून जातो, तुडवत नाही. ते मी काढीन? आणि काढलंच असतं तर काल भर बैठकीत त्या रागाबद्दल तोंड उघडलं असतं का मी?"

विमाताई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. एक सायकलवाला शिव्या देत बाजूनं गेला.

खरंच की. चोरी करणाऱ्याला तेवढं एकच माहीत असतं, काय बोलायचं नाही ते. प्रकरण काढणारा माणूस बैठकीत असंच बोलणार, जसं ते प्रकरण कधी नव्हतंच. डॉक्टरीणबाई बिनधास्त बोलल्या, कारण त्यांच्या लेखी ते पुस्तकातच होतं.

आणि मग सकाळपासून खुपणारा काटा सापडला.

त्याला लोक उगाच बोल लावतात.

कोण लोक? प्रकरण नसलेल्या पुस्तकात त्या भावानं काय केलं होतं? बहिणीला सांभाळलं होतं. काका त्याला चहा पाजायला निघाले होते, मास्तरीणबाई त्याला भला म्हणत होत्या. डॉक्टरीणबाईंनी काल राग आल्याचं सांगितलं, पण कुणाचा ते सांगितलंच नव्हतं, नियम होता ना! आरोप कुणी केलाच नव्हता. आणि वकीलसाहेब बचाव करून मोकळे झाले होते. घर कोण बघणार होतं, म्हणाले. चोराच्या मनात चांदणं!

"डॉक्टरीणबाई," ती म्हणाली, "संध्याकाळी बैठकीला या. आणि कृपा करून दाढांचं काही बोलू नका."

६

वकीलसाहेब घरी पुढच्या खोलीत पक्षकारांचे कागद लावत होते. मास्तरीणबाई अजून शाळेतून यायच्या होत्या. विमाताईनं सगळं सांगितलं. उभ्यानंच, खोलीभर फिरत. त्यांनी मध्ये एकदाही हरकत घेतली नाही.

"पुरावा नाही तुमच्याकडे," ते शेवटी म्हणाले.

"नाही. माझ्याकडे फक्त मतं आहेत."

ते उठले. कपाट उघडलं. खटल्यांच्या गठ्ठ्यांमागून निळा पुठ्ठा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. विमाताईनं घाईनं दोरी सोडून पानं उलटली.

"आणि ते प्रकरण?"

"जाळलं. माझ्यानंतर पाळी बहिणीची होती. दुसऱ्याच दिवशी पुस्तक तिच्या हातात द्यायचं होतं." वकीलसाहेबांचा आवाज कोर्टातला राहिला नव्हता. "मला एवढंच सांगा, लिहिणाऱ्याला हे कुणी सांगितलं? तो माणूस भेटला का कुणाला? परत आला का तो? दारात आम्ही दोघंच होतो, तिसरं कोणी नव्हतं. आई आत झोपलेली. इतकी वर्षं मी कुणाजवळ बोललेलो नाही!"

विमाताईला त्या माणसाकडे बघवेना.

"कुणी नाही सांगितलं," ती म्हणाली. "कादंबरी माझ्या धाकटीची आहे. तो माणूस का येत नाही याला तिला कारण हवं होतं, म्हणून तिनं ते रचलं. मनानं. तिला तुमचं काही म्हणजे काही माहीत नाही."

वकीलसाहेब खुर्चीत बसले. झाकली मूठ त्यांनी स्वतःच उघडून दाखवली होती. ते प्रकरण तसंच पुढे गेलं असतं तर बहीण वाचून रडली असती, दादाला म्हणाली असती की बघ कसले भाऊ असतात, आणि विषय संपला असता.

"माझं ऐका," ते म्हणाले. "पुस्तक घेऊन जा. मंडळाला सांगा, मी चुकून नेलं. धाकटीची मी सगळ्यांसमोर माफी मागतो. फक्त ते प्रकरण तसंच राहू दे. नसू दे पुस्तकात."

क्षणभर विमाताईच्या मनात आलं, घ्यावं आणि निघावं. बहिणीचं पुस्तक मिळालं, तिच्यावरचा ठपका गेला, आणखी काय हवं? पण तिला जिन्यातल्या मास्तरीणबाई आठवल्या. रागावलेही नसते, म्हणाल्या होत्या.

"नुकसान माझ्या बहिणीचं झालं असतं तर मी मिटवलं असतं," ती म्हणाली. "पण हे नुकसान तुमच्या बहिणीचं आहे, आणि तिला ते झाल्याचंच माहीत नाही. संध्याकाळी पुस्तक तुम्ही घेऊन या. तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन, आणि मला नीट बोलता येत नाही."

ती जिना उतरली तेव्हा मास्तरीणबाई फाटकातून आत येत होत्या. "दादा आहे का घरी?" त्यांनी विचारलं. विमाताईनं नुसती मान डोलावली.

७

संध्याकाळी खोलीत सगळे जमले. खाली इस्त्रीची भट्टी तापली होती आणि जमीन पायाला चटका देत होती. प्रकाशक यायला अवकाश होता. वकीलसाहेब आले, त्यांनी निळा पुठ्ठा धाकटीच्या मांडीवर ठेवला. ती त्याला मिठी मारून बसली आणि मग कुणाला तरी प्रथमच उमगलं की लेखिका कोण.

"अग, तू?" औषधवाले काका ओरडले. "आणि आम्ही तुलाच चोर म्हणत होतो?"

"पुस्तक मी नेलं होतं," वकीलसाहेब म्हणाले. "आणि त्यातलं एक प्रकरण मी जाळलं. ते काय होतं ते आता सांगतो."

काकांचे हात सवयीनं कानांकडे गेले. "गोष्ट सांगायची नाही!"

"सांगू दे," विमाताई म्हणाली.

त्यांनी सांगितलं. लढायांचे ग्रंथ पाठ करणाऱ्या माणसानं ते प्रकरणही पाठ केलं होतं. रविवार, बाजारात गेलेली बहीण, आत झोपलेली आई. उशीर केलात, तिचं ठरलं. पायरीवरची फुलं. चुलीपाशी बसून रडणारा भाऊ. बोलताना ते धाकटीकडे बघत होते, बहिणीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"शब्दाला शब्द," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या.

मास्तरीणबाई ताठ बसल्या होत्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. झडप आपटली, कुणी उठलं नाही.

"दादा," त्या म्हणाल्या, "हे पुस्तकातलं झालं. आता आपल्या घरातलं सांग."

वकीलसाहेबांनी खुर्चीची पाठ धरली.

"तो आला होता?"

"हो."

"रविवारीच?"

"हो."

"काय म्हणाला?"

"काही नाही. नमस्कार केला आणि गेला."

मास्तरीणबाईंनी डोळे मिटले. मग उघडले तेव्हा त्यांच्या तोंडावर राग नव्हता. वर्गात एखादं उत्तर तपासताना असते तशी बारीक नजर होती.

"आणि तू रडलास? चुलीपाशी?"

वकीलसाहेब मान खाली घालून उभे होते.

"नाही," ते म्हणाले. "जेवलो. तू बाजारातून आलीस, स्वयंपाक केलास. मी जेवलो."

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. धाकटीला वाटलं, आता मास्तरीणबाई उठून जातील आणि पुन्हा या खोलीत येणार नाहीत. त्या उठल्याही. पण त्यांनी कोपऱ्यातल्या यंत्रावरचं कापड काढलं आणि धाकटीची खुर्ची त्याच्याकडे ओढली.

"माझं मत सांगायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "भाऊ रडतो ते खोटं वाटतं. फार स्वस्तात सोडलंयस तू त्याला. ते प्रकरण परत लिही. तो रडत नाही. तो जेवायला बसतो, आणि ती त्याला वाढते."

धाकटीनं यंत्रात कागद चढवला. लिहिणाऱ्याची जात वाईट, कितीही दया आली तरी विचारायचं ते विचारतेच.

"आणि ती काही बोलते?"

मास्तरीणबाईंनी पहिल्यांदा भावाकडे पाहिलं.

"बोलते," त्या म्हणाल्या. "अजून थोडं घे, म्हणते."